जाधव सिस्टर आणि खराब बॅच

जाधव सिस्टरना रस्त्यावर पायी चालणारा माणूस बघवत नाही.

त्यांना राग येत नाही, त्यांचा जीव कासावीस होतो. विहिरीच्या काठावर एखादं पोर वाकलेलं दिसलं की आपलं जसं होतं, तसं त्यांचं होतं. कचकन ब्रेक लागतो, डावीकडची काच खाली येते आणि आतून हुकूम सुटतो, "बसा. वाद नको."

मी अलिबागच्या कोर्टात कारकून होतो. रिटायर झाल्यावर बायकोच्या हौसेखातर चौलला राहायला आलो. थोडी सुपारीची झाडं, एक विहीर आणि शेजारी जाधव सिस्टर, एवढा आमचा संसार. आल्याआल्या डॉक्टरांनी माझी शुगर बघितली आणि सांगितलं, रोज सकाळी चालायचं. दुसऱ्याच दिवशी नवे बूट घालून निघालो. वळणापर्यंत पोचतोय न पोचतोय तोच मागून हॉर्न.

"कोर्टवाले भाऊ, कुठं?"

"चालायला निघालोय, सिस्टर."

"कुठपर्यंत?"

"कुठपर्यंत असं नाही. नुसतं चालायला."

सिस्टर जरा विचारात पडल्या. मग म्हणाल्या, "बसा, सोडते."

"अहो, पण कुठे सोडणार?"

"ते जाता जाता ठरवू. वाद नको."

त्यांनी मला रेवदंड्याच्या बाजारात उतरवलं. बाजारात माझं काहीही काम नव्हतं. खिशात पाकीट नव्हतं, हातात पिशवी नव्हती. पाच मिनिटं मासळीकडे बघून, कोळणींच्या शिव्या खाऊन मी परत निघालो. म्हटलं चला, निदान येताना तरी चालणं होईल. अर्ध्या वाटेतच सिस्टरची गाडी परत येताना भेटली. काच खाली झाली. "अरे देवा, तुम्हाला कुणी आणून सोडायला नाही का?"

शेवटी मी आमच्या वाडीतच सुपारीच्या झाडांभोवती फेऱ्या मारायला लागलो. बायको म्हणायची, "लांबून बघणाऱ्याला वाटेल, ह्यांचं काहीतरी पडलंय."

सिस्टर आरोग्य सेविका होत्या. खांद्याला लसीचा थंड डबा अडकवून वाडी-वाडी, पाडा-पाडा पायी तुडवण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. आताची जी बाप्ये माणसं मिशीला पीळ देत फिरतात, त्यांच्यातल्या बहुतेकांना सिस्टरनी उघडं करून सुई टोचलेली आहे, आणि ही गोष्ट त्या भर चौकात सांगतात. यजमान लवकर गेले. मुलगी नाशिकला, तिचा रविवारी फोन येतो. रिटायर झाल्यावर त्या कार चालवायला शिकल्या आणि एक छोटी निळी गाडी घेतली. तिसऱ्या गिअरच्या पुढे त्या कधी गेल्या नाहीत. चौथा अजून कंपनीच्या वेष्टनातच असावा.

गाडीत बसणं म्हणजे दवाखान्यात भरती होणं. डॅशबोर्डवर छोटी बुद्धमूर्ती, तिच्या खालच्या खणात बीपीचं मशीन. बसल्याबरोबर "पट्टा!" म्हणून ओरडा होतो. मग चौकशी. झोप लागते का, पोट साफ होतं का, सुनेशी बोलता का. नागावच्या फाट्यावर गाडी बाजूला घेऊन त्यांनी माझं बीपी मोजलेलं आहे, आणि ते वाढलेलं निघाल्यावर "कशाचं टेन्शन घेता?" असं मलाच विचारलेलं आहे. मागच्या सीटवर प्लॅस्टिक अंथरलेलं असतं, कारण हिराबाई कोळीण पाटी घेऊन बसते. तिच्या शेजारी कॉलेजच्या पोरी सेंट मारून बसतात. त्या दोन वासांचं मिळून जे काही होतं, त्याला अजून नाव पडलेलं नाही.

एकदा रिक्षावाल्यांचं शिष्टमंडळ त्यांच्या दारात आलं. "सिस्टर, तुम्ही आमची गिऱ्हाइकं पळवता." सिस्टरनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं, सरबत दिलं, आणि "एवढ्या उन्हात चालत आलात?" म्हणून त्या सगळ्यांना कोंबून गाडीतून स्टँडवर नेऊन सोडलं. त्यानंतर तक्रार आली नाही.

तर अशी ही गाडी, आणि तिच्यावर एक दिवस संकट आलं.

सुरुवातीला मोबाइलवर इंग्रजीत मेसेज आले. सिस्टरनी ते "ओटीपी मागणारे मेले" म्हणून पुसून टाकले. मग शोरूममधून फोन आला. सिस्टर तेव्हा आमच्या ओटीवर बसून बायकोचा दुखरा गुडघा दाबून बघत होत्या. त्यांनी फोन स्पीकरवर टाकला.

"मॅडम, तुमची गाडी रिकॉल झालीय," पलीकडून एक मुलगी गोड आवाजात म्हणाली.

"म्हणजे काय झालीय?"

"म्हणजे कंपनी परत बोलावतेय."

"का म्हणून? मी काय चोरून आणलीय?"

मुलीने समजावून सांगितलं. गाडीच्या पोटाखालून पेट्रोलचा पाइप जातो. या मॉडेलच्या काही गाड्यांमध्ये तो एका लोखंडी पट्टीला घासतो. घासून घासून भोक पडलं तर पेट्रोल गरम सायलेन्सरवर गळेल आणि खालून आग लागेल. नवीन पाइप अजून आलेला नाही. तो आला की गाडी न्यायला माणूस येईल, पैसे पडणार नाहीत. तोवर गाडी चालवू नका, घराजवळ ठेवू नका, पालापाचोळ्यावर उभी करू नका.

मला वाटलं, आता सिस्टर त्या मुलीला फैलावर घेणार. पण त्यांनी फक्त विचारलं, "म्हणजे बॅच खराब निघाली?"

"हो मॅडम. तसंच म्हणा."

"मग असं सरळ सांग ना, बाळा." त्यांनी फोन ठेवला आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "बॅच खराब म्हणजे खराब, भाऊ. आता एक पण डोस द्यायचा नाही."

खरी पंचाईत पुढे होती. गाडी त्यांच्या अंगणात होती. वर नारळाच्या झावळ्या, खाली सुपारीच्या गळून पडलेल्या पानांच्या वाळक्या विऱ्या, शेजारी आमचा लाकडाचा मांडव. घराजवळ ठेवू नका म्हटल्यावर ठेवायची कुठे? आणि इंजिन तर सुरू करायचं नाही. मी म्हटलं, "सिस्टर, दोन मिनिटांचा रस्ता आहे, हळूच घेऊन जाऊ." त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं मी एक्सपायरी डेट उलटलेली लस मागतोय.

मग गाडी ढकलायची ठरली. ही बातमी गावात पसरायला वेळ लागला नाही. रिक्षावाले आले, कॉलेजच्या पोरी आल्या, एसटीचा एक कंडक्टर ड्युटी संपवून युनिफॉर्मवरच आला. त्याला सिस्टर पॅसेंजर पळवतात हे ठाऊक होतं, तरीही आला. सिस्टर स्टिअरिंगवर बसल्या, दार उघडं, एक पाय बाहेर. "ढकला! श्वास सोडा! परत घ्या!" बाळंतपण चाललं असावं असा आवाज. देवळासमोरच्या पटांगणात पोचलो तर पुजारी धावत बाहेर आला, "इथं नको, परवा उत्सव हाय." शाळेच्या मैदानाशी गेलो तर हेडमास्तर फाटकात हात पसरून उभे. कुणाच्या अंगणाजवळून गेलो की घरातली माणसं आधी कौतुकाने बघायची, मग कुणीतरी कानात सांगितलं की दार लावून घ्यायची. शेवटी खाडीकडच्या बांधापलीकडे उघड्या माळावर गाडी उभी राहिली. सिस्टरनी कोयत्याने भोवतालचं वाळकं गवत स्वतः छाटलं, गाडीभोवती दोरी बांधली आणि पुठ्ठ्यावर लिहून लावलं: "हात लावू नये. आजारी आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दार उघडलं तर दारात सिस्टर. पायात चपला, डोक्यावर छत्री, खांद्याला पर्स.

"चालायला निघालात ना? चला, मीही येते."

"तुम्ही? पायी?"

"घरं फिरायची आहेत. बॅच खराब निघाली की नुसती परत पाठवून भागत नाही. ज्यांना ज्यांना टोचलं, त्यांच्या घरी जाऊन बघावं लागतं. मी एवढ्या माणसांना त्या आगीवर बसवून फिरवलं. त्यांना सांगायला नको?"

मी म्हटलं, "अहो, सगळ्या गावाला कळलंय."

"गावाला कळलं. मी कुठं सांगितलंय?"

आणि सिस्टर खरोखरच निघाल्या. रोज सकाळ-संध्याकाळ आम्ही दोघं. कोण कुठल्या आळीत राहतं आणि कोण कधी गाडीत बसलं, सगळं त्यांच्या डोक्यात. प्रत्येक घरासमोर उभ्या राहून त्या एकच सांगायच्या, "मी तुम्हाला ज्या गाडीत बसवलं, तिला खालून आग लागण्याचा धोका होता. मला माहीत नव्हतं. माफ करा." आणि मग सवयीने, "काही त्रास? चक्कर? मळमळ?"

लोकांनी त्यांना काही गंभीरपणे घेतलं नाही. रिक्षावाला पोट धरून हसला. "सिस्टर, तुमी तिसऱ्याच्या वर जात न्हाय, ती तापणार कवा नि पेटणार कवा?" हिराबाई म्हणाली, "मना काय होतंय? माज्या पाटीत बरफ होता." कॉलेजच्या पोरींनी सिस्टरना मधे घेऊन फोटो काढला. पण सिस्टर हसत नव्हत्या. एक घर झालं की लगेच पुढच्या घराकडे.

अशाच एका चालण्यात मी त्यांना सहज विचारलं, "सिस्टर, खरं सांगा, एवढा लिफ्ट द्यायचा नाद का हो तुम्हाला?"

मला वाटलं, त्या म्हणतील की आयुष्यभर उन्हातान्हात चालले, म्हणून दुसऱ्याचे हाल बघवत नाहीत. मी तसंच धरून चाललो होतो. सिस्टर थोडं चालल्या, छत्री या हातातून त्या हातात घेतली.

"नोकरीत होते तेव्हा माझी वाट बघायचे लोक. कुणाचा ताप, कुणाचे दिवस गेलेले. रिटायर झाले आणि कुणाला काही कामच उरलं नाही माझ्याशी. रस्त्यात भेटले की 'काय सिस्टर, बरं ना?' म्हणायचे आणि उत्तर ऐकायच्या आत पुढे. त्यांची तरी काय चूक? पण गाडीत बसवलं ना, भाऊ, पट्टा बांधला की माणूस मधेच उठून जाऊ शकत नाही. अलिबागपर्यंत बोलतो बिचारा."

असं बोलून त्या हसल्या. मीही हसलो. पण पुढचा बराच रस्ता मला चालण्याचं भान नव्हतं.

गाडीचं पुढे काय झालं ते इथंच सांगून टाकतो, म्हणजे तुमच्या जिवाला घोर नको. पाइप आला. गाडी न्यायला मोठा ट्रक आला, त्यावर निळी गाडी चढवली. सिस्टर पेशंटबरोबर गेल्याच. पुढे ड्रायव्हरशेजारी बसून आधी त्याला पट्टा लावायला लावला. सर्व्हिस सेंटरमध्ये गाडी वर उचलल्यावर त्या मेकॅनिकला म्हणाल्या, "मला तिचं पोट दाखव." तो नको म्हणत असताना खाली जाऊन उभ्या राहिल्या. पाइप एका जागी घासून चकचकीत झाला होता. त्याने बोट फिरवलं तर बोट ओलं झालं. त्याने हुंगलं, मग सिस्टरनीही हुंगलं. पेट्रोल. त्या तिथल्या बाकावर बसल्या, आणि मेकॅनिकने पाणी आणून दिलं तेव्हा त्याला म्हणाल्या, "मागच्या सीटवर पोरी बसायच्या रे." गाडी बरी होऊन आली, तरी काही दिवस त्या एकट्याच चालवत राहिल्या. "आधी माझ्यावर बघते, मग बाकीचे." आता सगळं पूर्ववत आहे आणि माझी शुगर पुन्हा वाढलीय.

पण मला सांगायचंय ते गाडी माळावर उभी होती तेव्हाच्या एका संध्याकाळबद्दल.

सगळी घरं झाली होती, एक सोडून. वत्सलाआजींचं. ही म्हातारी म्हणजे सिस्टरच्या गाडीची कायमची पॅसेंजर. डोळ्यांच्या डॉक्टरकडे अलिबागला जायची, पुढच्या सीटवर बसायची आणि सिस्टरना गाडी कशी चालवावी ते शिकवायची. तिच्याकडे सगळ्यात आधी जायला हवं होतं. पण रोज आळीच्या तोंडाशी आलो की सिस्टर म्हणायच्या, "उद्या बघू."

त्या दिवशी मीच वळलो. सिस्टर मागून आल्या. घर कौलारू, समोर स्वच्छ सारवलेली ओटी, दोन पायऱ्या. सिस्टर खालच्या पायरीशीच थांबल्या.

"ह्या घरातली सगळी पोरं मी टोचलीत," त्या हळूच म्हणाल्या. "ह्याच ओटीवर."

"मग चला की."

"नाही, म्हणजे ओटीपर्यंतच. मी बौद्धवाडीतली. तेव्हा तसंच होतं. ओटीवर बसायचं, डबा उघडायचा, पोरं एकेक करून बाहेर यायची. चहा यायचा, पण त्याचा कप वेगळा असायचा. कुणी काही बोलायचं नाही, मीही कधी विचारलं नाही." त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. केस पेपर वाचावा तसं त्यांनी सांगितलं. "गाडीत म्हातारी चांगली चिकटून बसते. गाडीची गोष्ट वेगळी. हे घर आहे."

तेवढ्यात आतून आवाज आला, "कोण हाय गं बाहेर?"

"आजी, मी. जाधव सिस्टर."

"काय?"

सिस्टर पायरीवरूनच सांगायला लागल्या. "आजी, मी तुम्हाला ज्या गाडीत नेत होते ना, तिला खालून आग…"

"ऐकू न्हाय येत."

सिस्टरनी आवाज चढवला. "आग! गाडीला! माफ करा म्हणायला आलेय!"

"ऐकू न्हाय येत म्हनते ना. आत ये."

मी सिस्टरकडे बघितलं. हीच म्हातारी गाडीत, मागच्या सीटवर पोरी कुजबुजल्या तरी मधेच म्हणायची, "तो पोरगा बरा न्हाय, सोड त्याला." तिच्या कानाला काहीही झालेलं नव्हतं.

सिस्टर ओटीवर चढल्या. तिथं पुन्हा थांबल्या. "आजी, इथूनच सांगते."

आत भांडं आपटल्याचा आवाज झाला. मग म्हातारी स्वतःच उंबऱ्यापर्यंत आली, चौकट धरून उभी राहिली. डोळ्यांना दिसत कमी होतं, त्यामुळे ती सिस्टरच्या जरा बाजूला बघून बोलत होती.

"किती येळ झाला सांगते, आत ये. च्या ठेवलाय. उकळून आटून जाईल तो."

सिस्टरनी चपला काढल्या. बाजूला नीट जुळवून ठेवल्या, परत सरळ केल्या. पर्स खांद्यावरून काढून हातात घेतली, परत खांद्याला लावली. मग उंबऱ्यावरून पाय टाकून आत गेल्या.

मी ओटीवर बसलो. आतून आधी सिस्टरचा आवाज येत होता, पाइप, सायलेन्सर, बॅच. म्हातारी मधे मधे "बरं, बरं" म्हणत होती. मग म्हातारीचा आवाज वाढला, सिस्टरचा कमी झाला. एकदा दोघी हसल्या.  सून बाहेर येऊन मला चहा देऊन गेली. "सिस्टर आत चुलीपाशी बसल्यात," ती म्हणाली, आणि जाताना ओटीवरचा दिवा लावून गेली.

सिस्टर बाहेर आल्या तेव्हा अंधार पडायला लागला होता. त्यांच्या हातात केळीच्या पानात बांधलेलं काहीतरी होतं. त्यांनी चपला घातल्या. आम्ही आळीतून निघालो.  रस्त्याला लागलो. मग त्या एकदम थांबल्या आणि मागे वळून त्या घराकडे बघत राहिल्या.

"भाऊ," त्या म्हणाल्या, "आतून केवढं मोठं आहे हो ते घर. मागे पडवी आहे, पडवीतून थेट वाडी दिसते. न्हाणीघर आहे, कोठीची खोली आहे. मला इतकी वर्षं वाटायचं, दोनच खोल्यांचं असेल."